चार लाकडांपुढे एक रंधा



नवा रंधा दाखवताना दुकानदार तो बहुधा पाइनच्या फळीवर चालवतो. लांबलचक, पातळ साल गुंडाळत वर येते आणि आपला हात खिशाकडे जातो. पण सरळ रेशाच्या मऊ फळीवर बरा रंधा आणि उत्तम रंधा यांत फरक दिसतच नाही. पारख करायची तर वेगवेगळी लाकडे घ्या. प्रत्येक लाकूड रंध्याच्या वेगळ्या अंगाची परीक्षा घेते.

आधी थोडी तयारी. लोखंडी रंध्यावर गंज धरू नये म्हणून तेल चोपडलेले असते, ते पुसा. तळावर पोलादी पट्टी धरून उजेडाकडे पाहा. पाते ज्या फटीतून डोकावते तिच्या पुढचा भाग तरी सपाट हवाच. कारखान्यातली धार पुरत नाही. पात्याची सपाट बाजू सहाणेवर चकचकीत होईपर्यंत घासा, मग उताराची बाजू 25 ते 30 अंशांवर लावा.

आता पहिले लाकूड पाइनच, पण फळीच्या टोकाकडून. कडा फुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत रंधा मारा. मऊ तंतू बोथट पात्याखाली कापले न जाता चिरडतात आणि टोक पांढुरके, खरबरीत राहते. धार खरी असेल तर तेच टोक तुकतुकीत निघते. म्हणजे धारेची परीक्षा मऊ लाकूडच कडक घेते.

दुसरा आंबा. याचे रेशे पुष्कळदा एकमेकांत अडकलेले, हातभर फळीत कधी सुलट, कधी उलट. उलट रेशात पाते तंतू कापण्याआधीच उचकटते आणि खड्डे पडतात. पात्यावर जी दुसरी लोखंडी पट्टी असते, ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत आणा. साल तिथल्या तिथे मोडते, मग मागचे तंतू उचकटायला जोर उरत नाही.

तिसरे शिसव, जड आणि कठीण. इथे पाते खाली घट्ट टेकले आहे की नाही ते कळते, आणि तेही कानाने. नीट बसलेले पाते सलग सर्रकन जाते. सैल पाते थरथरत कर्र-कर्र करते आणि फळीवर बारीक लाटा उठवते. नेहमीच्या रंध्यात पाते 45 अंशांत बसते. अडेल रेशाच्या कठीण लाकडासाठी 50 किंवा 55 अंशांचे रंधेही करतात. ते ढकलायला जड, पण खड्डे कमी पाडतात.

शेवटी सागवान. कापायला सोपे, हाताला तेलकट. पण त्याच्या पोटात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच घटक. तो धार खातो. पहिल्या काही फळ्यांवर सगळेच रंधे शहाणे दिसतात. पाते पुन्हा सहाणेवर किती लवकर न्यावे लागते, त्यावरून पोलादाची जात कळते.

आता निकाल. पाइन आणि आंब्यावर रंधा नापास झाला, तर धार आणि पट्टी आपल्याच हातात आहे, पुन्हा लावा. शिसव आणि सागवानावर नापास झाला, तर दोष बहुधा घडणीचा आणि पोलादाचा. पहिल्या दोघांसाठी सहाण पुरते. दुसऱ्या दोघांसाठी दुकानाची पावती जपून ठेवा.