परत फिरण्याची जागा



सायकलस्वारांच्या या संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं वाईत मनापासून स्वागत करतो. हे कृष्णाकाठचं गाव. ढोल्या गणपतीचं, घाटांचं, प्राज्ञपाठशाळेचं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथं बसून मराठी विश्वकोश उभा केला ते गाव. आपल्यातले बरेच जण काल सायकलवरूनच आले. कुणी सुरूर फाट्यावरून आत वळलं, तर महामार्गावरची अवजड वाहनं आणि खंबाटकी टाळायची म्हणून कुणी भोरवरून आंबाडखिंडीचा घाट चढून, मांढरदेवला माथा टेकवून इकडं उतरलं. त्या मंडळींचे पाय आज बोलत असतील. त्यांच्यासाठी पुढच्या दोन रांगा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत.

यंदा चर्चेला विषय घेतलाय तो निसर्गरम्य रस्त्यांचा, आणि ते रस्ते कुणाकुणासाठी आहेत याचा. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं सायकलच्या गप्पा निघाल्या की त्या घाटावर जाऊन थांबतात. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि तो मान त्याला मिळायलाच हवा. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीनं पूर्ण केली, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान उंचावली. पण पन्नाशीत पहिल्यांदा गिअरची सायकल घेणाऱ्या बाईंना, दहा वर्षांच्या मुलाला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या निवृत्त मास्तरांना, टँडमच्या मागच्या सीटवर बसून जोडीदाराच्या भरवशावर पॅडल मारणाऱ्या दृष्टिहीन तरुणाला आपण कुठला रस्ता सुचवतो? बहुतेक वेळा एकच शब्द ऐकू येतो, ‘सोपा आहे’ किंवा ‘अवघड आहे’. एवढ्यावर कुणी घराबाहेर पडू नये.

मी वाईचा. म्हणून वाईचाच दाखला घेतो.

या गावातून निघालेला एक रस्ता कृष्णेच्या कडेनं पश्चिमेला जातो. तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागं नदीत उतरणारा घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली ती भली मोठी घंटा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा अवश्य जवळून पाहा. धातूवर उमटवलेली मरियम आणि तिच्या कडेवरचं बाळ आजही स्पष्ट दिसतं. पेशवाईतल्या मुत्सद्द्याच्या घाटावर ख्रिस्ती मंदिराची घंटा, हे पाहायला सायकल घाटाच्या वर उभी करून चार पायऱ्या उतरण्यापलीकडं कसलेही कष्ट नाहीत. ज्यांना इतकंच जमतं त्यांनी इथूनच परत फिरावं. सकाळ सार्थकी लागली.

ज्यांना आणखी पुढं जायचंय त्यांना वाईपासून आठ-नऊ किलोमीटरवर धोम लागतं. नरसिंहाचं देऊळ, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आणि धरणाची भिंत. रस्ता जवळपास सपाटच, मध्ये किरकोळ चढउतार. बिनगिअरची जुनी सायकलही इथं चालते. धोमच्या पुढं रस्ता जलाशयाला धरून आत शिरतो. एका बाजूला पाणी, समोर कमळगड आणि त्याच्या दोन्ही अंगांनी आत गेलेली कृष्णा व वाळकी या नद्यांची खोरी. बलकवडीच्या धरणापर्यंत जाणाऱ्यानं मात्र जेवणाची आणि पाण्याची सोय वाईतूनच करून निघावं. पुढं हॉटेलं नाहीत, सावली तुटक आहे, आणि पंक्चर झालं तर दुकान मागंच राहिलेलं असतं. दिसायला हा रस्ता महाबळेश्वरपेक्षा तसूभरही कमी नाही, असं माझं मत आहे. तरी पर्यटक घाट चढून वर जातात आणि हे खोरं मोकळं राहतं. नवशिक्या स्वाराला याहून चांगली शाळा नाही.

आता पसरणीचा घाट. शाहीर साबळ्यांच्या पसरणी गावावरून तो चढायला लागतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर पुढं गेलात की पाच मीटर वर. हा हिशेब मी मुद्दाम मांडतोय, कारण भीती घालवायला हिशेबासारखं औषध नाही. पाच टक्क्यांचा एकसारखा चढ रोज सायकल चालवणाऱ्या कुणालाही झेपतो, फक्त सुरुवातीला घाई करायची नाही. पहिल्या दोन वळणांवर दम लागला तर समजावं की आपण जोरात निघालो. पुढची लहान प्लेट, मागची मोठी, पाय हलके फिरत राहिले पाहिजेत. पुढं ३४ दाते आणि मागं ३२ असा गिअर असेल तर बसल्या जागी गप्पा मारत घाट चढता येतो. रेसिंग सायकलवर मागं २५ दात्यांचीच कॅसेट असेल तर तोच घाट उभं राहून, गुडघ्यांवर जोर देऊन चढावा लागतो. घाट तोच आणि माणूसही तोच, पण सायकलवर कोणते दाते आहेत त्यावर तो कुणासाठी आहे हे ठरतं. मार्गाची माहिती देताना आपण हे कधी सांगत नाही.

या घाटाचा आणखी एक मोठा गुण आहे. तो घरापासून वर जातो. बुवासाहेबांच्या देवळापाशी दमलात, दोन वळणं आधी दमलात, कुठंही दमलात तरी सायकल वळवायची आणि खाली यायचं. परतीला ताकद लागत नाही. नवख्या माणसाला हा धीर फार मोठा असतो. दांडेघरचा नाका दिसला की घाट संपला, आणि मागं वळून पाहिलं की धोमचा सगळा जलाशय पायाखाली. उतरताना तेवढी खबरदारी घ्या. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रिम तापते. वळणाच्या आधी वेग उतरवावा, वळणात ब्रेक मारू नये, आणि डावी कड सोडू नये. शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर या घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून फटफटायच्या आधी निघालेलं उत्तम.

पाचगणी ते महाबळेश्वर हे एकोणीस-वीस किलोमीटर वर-खाली होत जातात. वाटेत भिलारचा फाटा आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत झालंय. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, त्यामुळं ज्याला पुढं जायचं नाही त्याला तिथं दिवसही पुरणार नाही. पावसाळ्यात मात्र हा पट्टा वेगळाच होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि धुकं असं की समोरून येणारी गाडी आवाजावरून ओळखावी. तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही चालू हवा. याबाबत कुणीही सूट घेऊ नये ही माझी हात जोडून विनंती.

आणि मग आंबेनळी. इथं मला जरा थांबून बोलायचंय. महाबळेश्वरहून पोलादपूर सुमारे चाळीस किलोमीटर. प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा कुंभरोशी, मग सावित्रीच्या खोऱ्यात उतरत उतरत थेट कोकण. तेराशे मीटरची उतरण आणि डोळ्यांत मावणार नाही असं रान. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरचा इतका देखणा डांबरी रस्ता क्वचितच दुसरा असेल. पण पसरणीच्या नेमका उलट. इथं आधी उतरण येते. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी माणूस चाळीस किलोमीटर घरंगळत जातो आणि ऊन चढल्यावर पोलादपुरात त्याच्या लक्षात येतं की आता हे सगळं परत चढायचंय. वाई-पोलादपूर-वाई हा फेरा दीडशे किलोमीटरच्या आतला, म्हणजे कागदावर वेळेच्या मर्यादेत पुऱ्या करायच्या दोनशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’पेक्षा लहान. पण चढाई दोन हजार मीटरच्या वर जाते. सपाटीवर दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आरामात करणाऱ्यानंही इथं स्वतःला जपावं. ज्याला खात्री नाही त्यानं प्रतापगडाच्या फाट्यावरून मागं फिरावं, किंवा पोलादपूरला टेम्पोची सोय आधी करून ठेवावी. त्यात काहीही कमीपणा नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. भर पावसात इथं सायकल घालूच नये, मग स्वार कितीही तयारीचा असो.

साताऱ्याची मंडळी विचारतील, कासचं काय? यवतेश्वरचा चढ सुरुवातीलाच तोंड दाखवतो, वर गेल्यावर पठार सौम्य आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेलं ते पठार ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतं, आणि तेव्हाच गर्दीही लोटते. आठवड्यातल्या मधल्या वारी जा. त्यावर साताऱ्याचे सहकारी उद्या सविस्तर बोलणार आहेत, त्यांचा वेळ मी घेत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात आहे. या दोन दिवसांत आपण रस्त्यांची एक वही तयार करावी. प्रत्येक तालुक्यातून आलेल्यांनी आपल्याकडचा एक रस्ता त्यात लिहावा. अंतर लिहाच, पण त्यासोबत एकूण चढ लिहा, सगळ्यांत उभा तुकडा कुठं आहे ते लिहा, चढ जाताना आहे की येताना आहे ते लिहा. पाणी कुठं मिळतं, सावली कुठं संपते, बायकांना स्वच्छतागृह कुठं आहे, डांबर कुठं उखडलंय, कुत्री कुठं धावून येतात, हे सगळं त्यात यावं. आणि प्रत्येक रस्त्यावर निदान तीन ठिकाणं अशी दाखवा की जिथून माणूस मानानं परत फिरू शकेल आणि तिथवर आल्याचं चीज झालं असं त्याला वाटेल. मेणवलीची घंटा हे असं ठिकाण आहे. दांडेघरचा नाका आहे. प्रतापगडचा फाटा आहे. तुमच्या रस्त्यावर कोणतं आहे, हे तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही. गुगलवर चढ दिसतो, कुत्री दिसत नाहीत.

कोऱ्या वह्या नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. उद्या पहाटे साडेपाचला गणपती घाटावरून तीन गट निघतील. धोमचा, पसरणीचा आणि महाबळेश्वरचा. आंबेनळी यावेळी ठेवलेला नाही. प्रत्येक गटाच्या मागं एक अनुभवी स्वार राहील, आणि त्याला सक्त ताकीद आहे की शेवटच्या माणसाच्या पुढं जायचं नाही. धोमच्या गटात टँडमच्या दोन सायकली आहेत, त्यांना पुढे चालवणारे जोडीदार हवेत. इच्छुकांनी आज रात्रीच्या जेवणाआधी नाव द्यावं. हेल्मेट नसेल त्याला निघता येणार नाही, आपण ते नोंदणीतच वाचलं असेल. नाश्ता साडेनऊपासून इथंच आहे, आणि शेवटचा स्वार परत येईपर्यंत चूल विझणार नाही, असा शब्द वाईतल्या भगिनींनी दिला आहे.

राहण्या-जेवणात काही उणं राहिलं तर हक्कानं सांगा. आपलं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी पुढची सूत्रं हाती घ्यावीत.