रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींशी हितगुज

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी आम्हाला विज्ञान आणि युवक यावर बोला असे कळवले होते. विषय मोठा आहे, त्यावर मोठी माणसे बोलतील. आम्ही पडलो गिरणीच्या रंगखात्यातले कामगार. शाळा नववीपर्यंत. 1989 साली बदली म्हणून लागलो, ते गिरणीला टाळे लागेपर्यंत जिगर मशीनवर होतो. पुढचे शिक्षण झाले ते ड्रमवरची लेबले वाचून, युनियनच्या कचेरीतली पुस्तके चाळून आणि गेली कित्येक वर्षे आपल्या अभ्यासिकेत पोरांच्या बी.एस्सी.च्या पुस्तकांत डोके घालून. म्हणून आम्ही एवढेच बोलणार, की आपल्या वस्तीतली जी मुले बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतात ती पहिल्याच वर्षी का गळतात, आणि त्यांनी का गळू नये.

आपल्याच गल्लीतली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. बारावीला बरे मार्क होते. एफ.वाय.च्या पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत ए.टी.के.टी. लागली. तिची आई अभ्यासिकेत आली आणि म्हणाली, "दादा, पोरीचं मन उडालंय. मॉलमध्ये बिलिंगला लावते, घरात दोन पैसे तरी येतील." आईचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तीन वर्षांचा हिशेब रोज मांडावा लागतो. पण पोरीला आम्ही विचारले, नेमके काय कळत नाही? ती म्हणाली, "काका, सर काय बोलतात तेच कळत नाही."

आता हे नीट बघा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला क्षपण म्हणजे काय ते ठाऊक असते. अकरावीला सर म्हणतात 'रिडक्शन'. आम्लारीचे होते 'बेस', संयुजेचे 'व्हॅलन्सी', उत्प्रेरकाचे 'कॅटॅलिस्ट', अनुमापनाचे 'टायट्रेशन'. ओळखीचाच माणूस, पण सुटाबुटात आला म्हणून आपण त्याला साहेब समजून उठून उभे राहतो, तसे होते. मुलाला वाटते आपल्याला विषय येत नाही. विषय येत असतो, नाव नवे असते. आम्ही तिला एक दोनशे पानी वही दिली. डाव्या बाजूला शाळेतला मराठी शब्द, उजव्या बाजूला कॉलेजातला शब्द, खाली एक ओळ आपल्या भाषेत. वही भरत आली आहे. तिचा निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

दुसरी गोष्ट. हा विषय आपला नव्हे, तो बंगल्यातल्या मुलांचा, अशी एक भीती मनात असते. मित्रांनो, या विषयाला आपले हात पिढ्यान् पिढ्या लागलेले आहेत. कातडे कमावणारी आपली माणसे हिरडा आणि बाभळीची साल वापरत. त्यातले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसते, म्हणून कातडे कुजत नाही. हे केमिस्ट्री नाही तर काय आहे? करणाऱ्याला लोकांनी बाटलेला म्हटले, आणि तेच पुस्तकात छापून आले तेव्हा त्याला शास्त्र म्हटले.

आमच्या रंगखात्याचे सांगतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिच्यात कॉस्टिक आणि हायड्रो घातला की ती पिवळसर हिरवी होऊन विरघळते आणि सुतात शिरते. कापड बाहेर काढले, वारा लागला, की डोळ्यांदेखत निळे! आम्ही नवीन होतो तेव्हा तासन् तास बघत राहायचो. का होते ते आम्हाला कोणी सांगितले नाही. पुढे एका पोराच्या पुस्तकात वाचले : हायड्रोने क्षपण, हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण. तसेच नॅफ्थॉलचे. त्या रंगाला बर्फाच्या लाद्या लागत. मुकादम ओरडायचा, "बर्फ संपू देऊ नका रे!" बर्फ कशाला ते मुकादमालाही ठाऊक नव्हते. तुम्ही टी.वाय.ला ॲनिलिनपासून रंग बनवता तेव्हा सर सांगतात, शून्य ते पाच अंशांत ठेवा, नाहीतर डायझोनियम फुटते आणि नायट्रोजनचे बुडबुडे निघून जातात. ते हेच. जो प्रयोग तुम्ही चंचुपात्रात करता, तो आम्ही हौदात केलेला आहे.

आणि हे न कळण्याची किंमतही असते. रंगधंद्यात बेंझिडीन नावाचे एक रसायन वापरले जाई. ते हाताळणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे जगात पुष्कळ आधी सिद्ध झाले होते. आपल्याकडे धोकादायक ॲझो रंगांवर केंद्र सरकारची बंदी आली 1997 साली. तोवर कोणत्या ड्रममध्ये काय आहे हे रंग कालवणारा विचारू शकत नव्हता, कारण विचारायलाही नाव माहीत असावे लागते.

याहून जवळचे उदाहरण देतो. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये दुसऱ्या गटाला हायड्रोजन सल्फाइड लागतो. किपच्या उपकरणातून तो सोडला की तांब्याचा काळा आणि कॅडमियमचा पिवळा साका खाली बसतो. हल्ली पुष्कळ कॉलेजांत हा वायू टाळतात, तरी कुजक्या अंड्याचा त्याचा वास तुम्हाला माहीत असेल. हाच वायू गटारात साचतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असेल तोवर वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरणारा माणूस म्हणतो, "आता वास नाही, चला," आणि तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे, तरी बातम्या येतातच. आणि मरणाऱ्यांची आडनावे आपण वाचतो. ज्या मुलाने एस.वाय.ला या वायूचे गुणधर्म पाठ केले, त्याने आपल्या चाळीतल्या सफाई कामगाराला हे चार वाक्यांत सांगितले नाही, तर त्याचे ते पाठांतर काय कामाचे?

आता प्रॅक्टिकलबद्दल. यावर आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण आपली मुले मार खातात ती इथे. चौघांचा गट असतो. एक जण ब्युरेट हातात घेतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. उतरवून घेणारा बहुधा आपला असतो. का? तर काच फुटली तर ब्रेकेजचे पैसे भरावे लागतील ही धास्ती. आम्हाला हे मुलांनीच सांगितले. पोरांनो, फुटू द्या! पैशाचे अभ्यासिका बघून घेईल, तसा ठराव समितीने केलेला आहे. पण ब्युरेट स्वतः धरा. आधी ज्या द्रावणाने भरायची त्यानेच ती विसळा. नरसाळे काढून ठेवा, नाहीतर त्यातला थेंब मध्येच पडतो. डोळा पातळीच्या समोर आणा आणि द्रावणाच्या वक्र कडेचा खालचा भाग वाचा. एक थेंब म्हणजे साधारण 0.05 मिली. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी अगदी फिकट यायला हवा. गडद गुलाबी झाला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. तीनदा करा. आणि मित्राचे रीडिंग 12.4 आले म्हणून आपले 12.9 खोडू नका. 12.9 का आले ते शोधा. त्या शोधण्यातच तुमचे तीन वर्षांचे शिक्षण आहे. बाकी जर्नल.

चष्मा लावा. आमच्या खात्यात एका साथीदाराच्या डोळ्यात कॉस्टिक उडाले होते. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला वाईट, ते आत आत शिरत जाते. पाण्याची धार लगेच आणि पुष्कळ वेळ धरावी लागते. आणि आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधी नाही.

मोलला पोरे फार घाबरतात. 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा बघूनच पान उलटतात. 2019 पासून तर मोलची व्याख्याच या संख्येवर बांधली आहे. पण ही नुसती मोजणीची रीत आहे. 40 ग्रॅम कॉस्टिकला साडेछत्तीस ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते. वजने वेगळी, कण सारखे. सल्फ्युरिकच्या 98 ग्रॅमला मात्र 80 ग्रॅम कॉस्टिक लागते, कारण त्याच्या एका रेणूत देण्यासारखे दोन हायड्रोजन आहेत. आमच्या खात्यात शंभर किलो कापडाला दोन किलो रंग असा टक्क्याचा हिशेब चाले. तो वजनाचा, हा कणांचा. फिजिकल केमिस्ट्रीला लॉग आणि कॅल्क्युलस लागते, तिथे सवलत नाही. बारावीला गणित सोडलेल्यांनी पहिल्या सुट्टीतच ते करून घ्यावे.

आयाबायांना विचारायचे असते, पुढे काय? नुसत्या बी.एस्सी.वर तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे इथल्या कारखान्यांत प्रयोगशाळेची कामे निघतात. एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची जॅम परीक्षा आहे, तिची नावे तरी आपल्या मुलांच्या कानावर पडू द्या. माटुंग्याला मुंबई विद्यापीठाने 1933 साली काढलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग 2008 पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. त्याची सुरुवातच वस्त्ररसायनाने झाली, म्हणजे आमच्याच धंद्याने. तिथले डॉ. के. वेंकटरामन रंगरसायनाचे जाणकार. 1957 साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. अशा ठिकाणी शिकलेल्यांना गिरणीत डाईंग मास्तरची खुर्ची मिळे. आमच्यासारख्यांना जिगर.

आणि बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला आणि विज्ञान दोन्हींचे, हे ध्यानात घ्या. वर्गाला बाकडी आणि फळा पुरतो. प्रयोगशाळेला गॅस लागतो, नळ लागतो, काच लागते, दरवर्षी रसायने लागतात. तो खर्च संस्थेने अंगावर घेतला.

मुलींसाठी एकच सांगतो. कमला सोहोनी यांनी 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली, विषय रसायन. वडील स्वतः रसायनतज्ज्ञ. तरी बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेतली. त्यांच्यामागे शिकलेले घर होते. आपल्या मुलींमागे आपण उभे राहायचे आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे झाले असे समजू नका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांग असते. कपाटात मागच्या मुलांनी ठेवलेली पुस्तके आहेत, सही करून घेऊन जा. दर रविवारी सकाळी दहाला आपल्या वस्तीतलाच एम.एस्सी. झालेला एक मुलगा गणिते घ्यायला येतो. लॉग टेबल आणि जर्नल घेऊन या. जर्नल कोरे असले तरी चालेल. जयभीम.