दुसरी वही



मी मूळचा क्रिकेटचा स्कोअरर. मोबाइलवरच्या खेळांच्या स्पर्धांचे पॉइंट्स टेबल बनवू लागलो ते फार नंतर. म्हणून सुरुवात वहीपासूनच करतो.

क्रिकेटच्या सामन्याला दोन स्कोअरर असतात, तसा नियमच आहे. दोघं आपापली वही भरतात आणि षटकागणिक एकमेकांना विचारून ताळा जुळवतात. एकाची चूक दुसऱ्याच्या वहीत सापडते. मुंबईच्या आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांनी आयुष्यभर क्रिकेटचे आकडे जपले, त्यासाठी त्यांना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. मैदानात जे घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. ज्याला लिहायचं त्यानं लिहून घ्यावं.

आपल्या खेळात मैदानच कंपनीचं आहे. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळाच्या स्पर्धेत एका सामन्याला, म्हणजे एका लॉबीत, १६ संघ, ६४ खेळाडू. कोण कुठं उतरला, कोणती बंदूक उचलली, किती अंतरावरून नेम लागला, पडलेल्या साथीदाराला कुणी उठवलं, हे सगळं सर्व्हरवर उमटतं. इतकी बारीक नोंद क्रिकेटला स्वप्नातही मिळाली नव्हती. पण वही एकच, आणि तिची किल्ली खेळ बनवणाऱ्याकडे. त्याला ती लागते, हे मला मान्य आहे. एकच बंदूक सगळे उचलू लागले तर पुढच्या अपडेटमध्ये तिचा जोर कमी करावा लागतो. एखाद्याचा नेम माणसाच्या हाताला शक्य नाही इतका अचूक असेल तर हॅकचा संशय तिथूनच येतो.

आयोजकाच्या हाती मात्र बहुतेक वेळा निकालाचा स्क्रीनशॉट तेवढा असतो. रूम आयडी आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकायचा, सामना संपला की निकालाचं पान टिपायचं आणि एक्सेलमध्ये हातानं भरायचं. पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, असं उतरत आठव्यापर्यंत १, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे, १. एका स्पर्धेत सारख्या नावांच्या दोन संघांत माझी गल्लत झाली. एकाचे दोन फिनिश मी दुसऱ्याच्या ओळीत भरले. पहिला संघ एका गुणानं अंतिम फेरीबाहेर गेला. पोरं माझ्याकडे आली, म्हणाली, "काका, आमचे सात होते." मी टेबल दाखवलं, ती गप्प परतली. चूक मला कळली दोन दिवसांनी, तोवर बक्षिसं वाटून झाली होती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, पण गेलेली फेरी काही परत देता आली नाही. त्या पोरांकडे स्वतःची वही असती तर त्याच रात्री त्यांनी मला थांबवलं असतं. आज मी जे मागणार आहे त्याचं मूळ त्या रात्रीत आहे.

प्रशिक्षक सामन्याच्या याच नोंदीत वेगळं शोधतो. आकसत जाणाऱ्या कोणत्या झोनमध्ये आपला संघ उशिरा सरकतो, गाडी कुठं सोडतो, पहिला माणूस पडल्यावर बाकीचे तिघं किती विखुरतात. डोटाच्या आणि काउंटर-स्ट्राइकच्या संघांना हे सोपं जातं, कारण सामन्याची फाइल उतरवून घेऊन पुन्हा सगळ्या बाजूंनी पाहता येते. संगणकावरच्या पबजीचा तपशीलही बाहेरच्या कुणाला मागवता येतो, फक्त १४ दिवसांच्या आत. आपल्या मोबाइलवाल्या पोरांचा प्रशिक्षक स्क्रीन रेकॉर्डिंगवर भागवतो. चार फोनची चार रेकॉर्डिंग शेजारी लावून तो रात्र काढतो. त्याच्या या कष्टाची दखल कुणीतरी घ्यायला हवी.

प्रक्षेपणाचा कॅमेरा फिरवणाऱ्या ऑब्झर्व्हरला आकडे हवेत ते पुढची चकमक कुठं पेटणार हे कळायला, कारण ६४ जणांवर एकाच वेळी नजर ठेवणं कुणालाही जमत नाही. प्रायोजक प्रेक्षकांचे तास मोजतो. आणि परदेशांत या नोंदीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सट्टेबाजी. ग्रिड आणि बेयेस यांसारख्या कंपन्यांनी सामन्याचा डेटा सर्व्हरवरून थेट विकण्याचाच धंदा उभारला. प्रक्षेपण मुद्दाम उशिरा दाखवतात, आकडे आधी पोचतात, आणि त्या मधल्या वेळेला भाव येतो. आपल्या देशात ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं मानलं. मला ते योग्य वाटतं.

पण जपलेल्या नोंदीची ताकदही पाहा. काउंटर-स्ट्राइकमध्ये एका बगमुळे प्रशिक्षकाला विरोधी संघाच्या हालचाली दिसू शकत होत्या, आणि काहींनी वर्षानुवर्षं त्याचा फायदा घेतला. जुन्या सामन्यांच्या फायली पुन्हा उघडून तपासल्या गेल्या आणि सप्टेंबर २०२०मध्ये ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशननं ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. सामने कधीच संपले होते, पण फायली शिल्लक होत्या.

आता आकड्यात न मावणाऱ्या खेळाडूबद्दल. कबड्डीत साखळी धरून उभा असलेला गडी चढाईवाल्याची वाट अडवतो. पकडीचा गुण झेप घेणाऱ्याच्या नावावर. बीजीएमआयमध्ये स्मोक टाकून पडलेल्याला उठवणारा सपोर्ट तसाच. टेबलात त्याच्यापुढं शून्य फिनिश. संघ निवडताना नुसतं टेबल पाहिलं तर सर्वात आधी तोच बाहेर जातो. आमच्या सराव छावणीतल्या अशा तीन मुलांनी खेळ सोडलेला मी पाहिला आहे, आणि तिन्ही वेळा त्यांचा संघ पुढच्या स्पर्धेत ढेपाळला.

आपल्या जनावरांच्या बाजारात जुनी रीत आहे. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालतात, बोटांनी भाव ठरतो, आणि बैल ज्यानं वाढवला तो शेतकरी बाजूला उभा राहून चेहरे वाचत बसतो. सामन्याच्या नोंदीचा सौदा मला तसाच दिसतो. त्यात प्रकाशक आहे, प्रक्षेपक आहे, प्रायोजक आहे. ज्याच्या बोटांमधून ती नोंद निघाली तो खेळाडू बाजूला.

आणि त्याचं मैदान एका रात्रीत जाऊ शकतं. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१च्या जुलैत त्याच्या जागी बीजीएमआय आलं, २०२२च्या जुलैत ॲप स्टोअरवरून गेलं, २०२३च्या मेमध्ये परतलं. त्याच दरम्यान, डिसेंबर २०२२मध्ये, केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. मान्यता आली, पण या काळात खेळलेल्या कितीतरी पोरांकडे आपण काय खेळलो हे दाखवायला कागदाचा चिटोराही नाही. क्लबच्या निवडीला जाताना ती फोनमधले जुने स्क्रीनशॉट शोधत बसतात. फोन फुटला की तेही गेलं.

म्हणून माझं आयोजकांना मागणं आहे. प्रत्येक सामन्यानंतर निकालाचं मूळ पान प्रत्येक संघाच्या चारही खेळाडूंना पाठवा, टेबल जाहीर करण्याआधी पाठवा, आणि हरकतीला एक तास द्या. फिनिशच्या शेजारी दोन रकाने वाढवा: किती जणांना उठवलं, किती वेळ जिवंत राहिला. संघांनो, एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक स्क्रिमनंतर, म्हणजे सरावसामन्यानंतर, ती भरा. नकाशा, उतरण्याची जागा, कोण कसा पडला. ती तुमची वही, आणि आयोजकाचं टेबल तिच्याशी जुळलं पाहिजे.

काल या सभागृहात सहा सामने झाले. मी आणि दोन मुलांनी मिळून त्यांची नोंद दोन वेगवेगळ्या वह्यांत केली. चौथ्या सामन्यात आमचा एक फिनिशचा फरक निघाला, तो रात्रीच स्क्रीनशॉट पाहून मिटवला. प्रत्येक खेळाडूचं पान वेगळं छापून दाराजवळच्या टेबलावर संघाच्या नावानं लावून ठेवलं आहे. जेवायला जाण्याआधी आपापलं पान घ्या, नीट वाचा, आणि एखादा आकडा चुकला असेल तर मला येऊन सांगा. मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसलेला आहे.