सहीचा ताळा



संगणकावर उघडलेल्या सरकारी दाखल्यावर सहीच्या जागीं पिवळें प्रश्नचिन्ह दिसलें, कीं पुष्कळ घरांत तो दाखला खोटा ठरतो. आणि कागदावर हिरवी खूण छापलेली दिसली, कीं तो खरा ठरतो. दोन्ही निर्णय उतावीळपणाचे आहेत. डिजिटल सही पडताळतात म्हणजे काय करतात, हें प्रथम पाहूं.

शाळेंत गुणाकार तपासण्यासाठीं नवाचा ताळा घेत असत, हें आपणांस स्मरत असेल. अंकांची बेरीज करीत करीत शेवटीं एक अंक उरवावयाचा. संगणक मजकुराचा असाच ताळा काढतो. त्यास हॅश म्हणतात. सही करणारा आपल्या गुप्त किल्लीनें त्या ताळ्यावर मोहोर उठवितो. तपासणारा ताळा नव्यानें काढतो आणि सही करणाराच्या जाहीर किल्लीच्या साह्यानें तो मोहरेशीं जुळवून पाहतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ताळा जुळत नाहीं.

परंतु ताळा कच्चाहि असूं शकतो. ४३१२ आणि ४३२१ या संख्या भिन्न. पण नवाचा ताळा दोहोंचा १ च. एमडी-५ या पद्धतीचा ताळा १२८ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या १२८ घरांचा. निरनिराळ्या मजकुरांचा ताळा तींतहि एकच येऊं शकतो, हें चीनमधील श्रीमती वांग श्याओयुन व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं दाखविलें. १९९५ सालच्या शा-१ पद्धतीचा ताळा १६० बिटांचा. २०१७ सालीं ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या व गूगलच्या संशोधकांनीं तिचा एकच ताळा येणाऱ्या दोन भिन्न पीडीएफ फायली तयार केल्या. धोका येथें आहे. लबाड मनुष्य करारनाम्याचे असे दोन मसुदे करील, सौम्य मसुद्यावर आपली सही घेईल आणि तीच सही दुसऱ्यास जोडील. शा-२५६ पद्धतींत अशी जोडी आजवर जाहीर झालेली नाहीं.

आतां दोष शोधण्याची रीत. प्रश्नचिन्हाचा अर्थ बहुधा एवढाच, कीं प्रमाणपत्राचें मूळ आपल्या संगणकास परिचित नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें नेमलेल्या नियंत्रकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र घ्यावें, तें विश्वासयादींत घालावें व पुन्हां पडताळावें. ‘सहीनंतर मजकूर बदलला’ असा शेरा आल्यास ती फाईल वापरूं नये; मूळ ठिकाणाहून नवी घ्यावी. ताळा एमडी-५ अथवा शा-१ चा असल्यास शा-२५६ ची सही मागावी.

कागदावर छापलेली हिरवी खूण हें केवळ चित्र होय. पडताळणी मूळ फाईलीचीच होते. म्हणून ती जपून ठेवावी. आणि दुसऱ्यानें रचलेल्या मसुद्यावर सही करण्यापूर्वीं ताळा कोणत्या पद्धतीचा आहे, हें विचारण्यास संकोचूं नये.