बेडकाचे अंडे आणि चुन्याचा संदेश



मृगाचा पाऊस कोसळला, की गोदाकाठच्या शेतांतील डबक्यांतून रात्रभर चालणारा गजर आपण सर्वांनी ऐकला आहे. पिवळेधमक झालेले नर बेडूक माद्यांना साद घालीत असतात. पण मादीच्या पोटातील अंड्याला ‘आता वेळ झाली’ हे कोण सांगते?

अंडाशयातील अंडपेशी विभाजनाच्या पहिल्या पायरीवरच दीर्घकाळ थांबलेली असते. ऋतू अनुकूल झाला, की मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरके सुटतात, त्यांच्या प्रेरणेने अंडाशयात प्रोजेस्टेरॉनसारखी द्रव्ये तयार होतात आणि अंडपेशी जागी होते. 1971 मध्ये मासुई व मार्कर्ट यांनी पिकत्या अंडपेशीतील थोडा रस कच्च्या पेशीत टोचला; तीही पिकू लागली!

मग कॅल्शियमचे काम कोणते? हाडांत आणि चुनखडीत असणारा हाच पदार्थ. पेशीच्या रसात तो मोकळा असा अत्यल्प असतो. पुष्कळसा सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला असतो. पिकताना अंडपेशी या कप्प्यांची फेरमांडणी करते. लग्नघरी वऱ्हाड येण्याआधीच सगळी सिद्धता असावी, तसेच हे. मग पक्व अंडे दुसऱ्या पायरीवर पुन्हा थांबते. शुक्रपेशी भेटताच कप्पे उघडतात, कॅल्शियमची लाट काही मिनिटांत अंडेभर पसरते, अडसर मोडतो आणि इतर शुक्रपेशींना दार बंद होते. कच्च्या अंड्यात अशी लाट उठत नाही. 1910 मध्ये बाताइयाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने नराविना, नुसत्या सुईच्या टोचणीने बेडकाची अंडी वाढीस लावली. त्या टोचणीनेही कॅल्शियमच जागे होते, हे पुढे कळले.

कोणी म्हणेल, बेडकाच्या अंड्याशी आम्हांला काय कर्तव्य? श्रोतेहो, मानवी अंड्यालाही जाग येते ती कॅल्शियमनेच. 1986 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून शरीराबाहेर फलन झालेले बालक जन्मले. आज अशा उपचारांत वारंवार फलन न झाल्यास काही वेळा अंड्याला औषधाने कॅल्शियमची चालना देतात. एखाद्या निपुत्रिक घराची आशा डबक्यातील या ज्ञानावर उभी असते.

आणि ते डबके? तंगड्यांसाठी लाखो बेडूक मारले गेल्यावर 1987 मध्ये भारताने त्यांची निर्यात बंद केली. शेतातील किडे खाणारा हा सोबती आपला गुरूही आहे. पुढच्या मृगात त्याचा आवाज ऐकाल, तेव्हा डबके बुजवण्याआधी क्षणभर थांबा, एवढीच विनंती.