‘कुशी’ शब्दाची जन्मकथा



विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या कानांवर ‘कुशी’ हा बोलीतला इंग्रजी शब्द नित्य पडतो. ‘कुशी जॉब’ म्हणजे कष्ट थोडे नि पगार बरा अशी सुखाची नोकरी. (मराठी कानाला प्रथम कुशीवर वळून निजणेच आठवते, आणि ते अर्थाला अगदीच सोडून नाही!) आपली मुले तो अस्सल इंग्रजी समजतात. वस्तुतः मूळ शब्द फारसी ‘खुश’. तो हिंदुस्थानीत रुळला, मराठीतही आला. ‘येथील सर्व मंडळी खुशाल आहेत’ या वाक्याशिवाय आपल्या वाडवडिलांचे पत्र पुरे होत नसे.

हिंदुस्थानातील छावण्यांत गोऱ्या शिपायांनी हा शब्द उचलला आणि १९१४-१८ च्या महायुद्धात तो खंदकाखंदकांत पोहोचला. जिवावर न बेतता मायदेशी पोहोचविणारी जखम ती ‘कुशी’. आणि तो मायदेश म्हणजे ‘ब्लायटी’, अर्थात आपल्या ‘विलायती’चाच अपभ्रंश!

परंतु या प्रवासात अर्थ पालटला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे खुशी ही मनाची अवस्था. साहेबाच्या तोंडी तिचा आराम झाला. छावणीतला तो आराम पाणी भरणाऱ्या, झाडणाऱ्या, कपडे धुणाऱ्या हातांवर उभा होता. परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. वडील रामजी सुभेदार सैन्यात होते. पुढे त्याच सैन्याने महारांची भरती बंद केली. महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत ती मोडण्यात आली. शब्द ठेवून घेतला, शिपाई परत धाडले!

धम्मातील मुदिता या आरामाहून सर्वस्वी निराळी. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांतील ही तिसरी भावना म्हणजे दुसऱ्याचे सुख पाहून होणारा आनंद. तिच्यासाठी कोणाला राबावे लागत नाही. नित्याच्या इंग्रजीत तिला एक शब्द नाही, म्हणून भाषांतरकार दोन शब्द जोडून काम भागवितात. मुलांना वंदनेचा अर्थ सांगताना आम्ही ‘मुदिता’ हाच शब्द तसाच ठेवतो.

आणि गावी दूरध्वनी लावला की मुलांनाच प्रथम बोलावयास देतो. ‘आजी, खुशाल आहेस ना?’ हे वाक्य आता त्यांच्या जिभेला जड जात नाही.