गेटच्या आतली समाजसेवा



अध्यक्षाने आधी आभार मानायचे, मग शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीची आठवण काढायची आणि शेवटी 'परमुलखात आपण मराठी टिकवली' असं म्हणून टाळ्या घ्यायच्या, हा रिवाज मला ठाऊक आहे. आभार मनापासून मानते. बाकीच्या दोन गोष्टी आज माझ्याकडून होणार नाहीत.

आपल्या स्मरणिकेत 'आमचं सामाजिक कार्य' असं एक पान आहे. रक्तदान, जुने कपडे गोळा करणं, तळ्याकाठची साफसफाई, अनाथाश्रमाला शिधा. कामं चांगली आहेत. पण त्यांतलं एकही काम कोणाला खुपलेलं नाही. बिल्डरला नाही, पोलिसांना नाही, महापालिकेला नाही, आपल्याच सोसायटीच्या कमिटीलाही नाही. ज्या कामावर कोणीच चिडत नाही, त्याला दान म्हणावं. न्यायाची गोष्ट निघाली की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडतेच. आज ती तुमच्या कपाळाला पडली तर माझं भाषण कारणी लागलं असं समजेन.

कोणी म्हणेल, साहित्य-संस्कृतीच्या मेळाव्यात हे विषय कशाला? हा वाद आपल्याकडे चांगलाच जुना आहे. 1885 साली पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरली, तेव्हा जोतीराव फुल्यांनाही निमंत्रण गेलं होतं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक बाकीच्यांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. आपण दर एप्रिलला फुल्यांच्या तसबिरीला हार घालतो. तेच पत्र उद्या आपल्या मंडळाच्या पत्त्यावर आलं, तर आपल्याकडे काय उत्तर आहे?

उत्तर शोधायला पुण्याला जायला नको. 19 जानेवारी 2020 हा दिवस आठवा. रिंग रोडजवळ, बेळ्ळंदूर भागातल्या करियम्मन अग्रहारात पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या शेकडो खोल्या जेसीबी लावून पाडल्या. तिथे बांगलादेशी राहतात, असा एक व्हिडिओ फिरला होता. राहत कोण होतं? उत्तर कर्नाटकातली, आसाम-त्रिपुरातली, बंगाल-बिहारची माणसं. कोणी घरकाम करणारं, कोणी पहारेकरी, कोणी बांधकामावरचं. आपल्यासारख्याच सोसायट्यांचं रोजचं आयुष्य ज्यांच्या जिवावर चालतं, ती माणसं. त्यांच्याकडे आधार कार्डं होती, मतदार ओळखपत्रं होती. ती बघायला कोणी थांबलं नाही.

पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने पाडापाडी रोखली, कोणत्या अधिकारात हे केलंत म्हणून पोलिसांना फैलावर घेतलं आणि पुनर्वसनाचा भार सरकारवर टाकला. ओकसाहेब मूळचे ठाण्याचे, हे आपल्यातले पुष्कळजण छाती फुगवून सांगतात. पण त्या कोर्टाची पायरी चढलेल्यांत आपण कुठे होतो? तो रविवार होता. सोमवारी कामाला कोण आलं नाही, याची चौकशी आपण केली. का आलं नाही, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

पुढची गंमत ऐका. त्याच वर्षी मे महिन्यात, टाळेबंदीत, मजूर गावी जायला निघाले. बिल्डरांबरोबर बैठक झाली आणि राज्य सरकारने रेल्वेला कळवलं, मजुरांच्या गाड्या रद्द करा. देशभर बोंब झाली, तेव्हा गाड्या पुन्हा सुटल्या. म्हणजे जानेवारीत ज्यांना इथे राहू द्यायचं नव्हतं, त्यांना मे महिन्यात जाऊ द्यायचं नव्हतं. माणूस नको, त्याचे हात तेवढे हवेत, हा या शहराचा व्यवहार आहे. त्यात आपली भागीदारी आहे, हे एकदा मोकळेपणाने बोलून टाकू या.

आजचा मेळावा रविवारी ठेवला, कारण सगळ्यांना सुट्टी. ही सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारोंच्या सह्यांचे अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्या सुट्टीवर आज आपण इथे बसलो आहोत. आणि आपल्या घरी या क्षणी भांडी कोण घासतं आहे? महिन्यात दोन सुट्ट्या दिल्या की आपल्याला उदार झाल्यासारखं वाटतं. तिसरीचे पैसे कापताना आपण लोखंड्यांच्या बाजूला नसतो, गिरणीमालकांच्या बाजूला असतो. कर्नाटकाने 2004 सालीच घरकामाला किमान वेतन लागू केलं. तो दर किती, हे या सभागृहात किती जणांना माहीत आहे? पार्किंगच्या जागेचा चौरस फुटाचा भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

पुण्याच्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरांत असाच त्रागा झाला होता. त्या बायका मागे हटल्या नाहीत, त्यांची संघटना उभी राहिली. 1993 साली पुण्यातच कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्या कामात घडलेल्या नलिनी शेखर पुढे बंगळूरात आल्या आणि इथे हसिरू दळ उभं राहिलं. कचरा वेचणाऱ्यांना महापालिकेची ओळखपत्रं मिळवून देण्यात या संघटनेचा मोठा वाटा आहे. पुण्याहून बंगळूरला आपण गणपतीचे ढोल आणले, दिवाळी अंक आणले, बाकरवडी आणली. पुण्याची ही दुसरी शिदोरी मात्र आणली कोणी आणि खांद्यावर वाहिली कोणी? आपल्या मंडळाने नव्हे.

आणखी जवळचं सांगते. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला. मालकाने भरलेला हिस्सा 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असं ठरलं. गारमेंट कारखान्यातली बाई चाळिशीतच कामाबाहेर फेकली जाते. तिने मुलीचं लग्न, आईचं आजारपण कशावर निभवायचं? 18 एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या शिवणकामगार बाया होसूर रोडवर उतरल्या. कोणी मोठा पुढारी नाही, झेंडा नाही. दुसऱ्या दिवशी हजारोंनी शहर अडवलं, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीने माघार घेतली. त्या माघारीचा फायदा देशभरातल्या प्रत्येक पीएफ खातेदाराला झाला. इथे बसलेल्या आयटीतल्या साहेबांनाही झाला. दोन दिवस ऑफिसला उशीर झाला म्हणून आपण मात्र त्या बायांना शिव्या दिल्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही तळी वाचवली ना! होय, कैकोंड्रहळ्ळीचं तळं नागरिकांनी चिकाटीने उभं केलं. ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार. पण बंगळूरची तळी ही मुळात फिरायला जायची ठिकाणं नव्हती. हरिणी नागेंद्र यांच्या संशोधनाने हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. शेती, गुरं, धोबी, मासेमार, चारा कापणाऱ्या बाया, सगळ्या गावाचा तळ्यावर हक्क होता. आपण कुंपण घातलं, पायवाट केली, वेळापत्रक लावलं. 2017 च्या फेब्रुवारीत बेळ्ळंदूरचं तळं पेटलं, तेव्हा धुराची तक्रार आपण सर्वांत मोठ्याने केली. त्या तळ्यात आपल्याही संडासांचं पाणी जात होतं, हे बोलताना आपला आवाज खाली आला. आणि सप्टेंबर 2022 मध्ये याच सर्जापूर रोडवरच्या बंगल्यांत पाणी शिरलं, माणसं ट्रॅक्टरमधून बाहेर काढली, तेव्हा जगभरच्या वाहिन्या आल्या. राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे मोठे नाले, कोणी बुजवले, हा प्रश्न तेव्हा आपल्याला सुचला. त्याच पावसात ज्यांच्या पत्र्याच्या खोल्या वाहून गेल्या, त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. आपणही वळलो नाही.

सरकारने आपली सोय बघून आणखी एक युक्ती केली आहे. 2021 च्या आदेशाने बंगळूरात आंदोलन करायचं तर फ्रीडम पार्कातच करायचं. फ्रीडम पार्क म्हणजे जुना मध्यवर्ती तुरुंग. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली तेव्हा वाजपेयी-अडवाणींबरोबर आपले मधू दंडवते याच तुरुंगात कोंडले गेले होते. ज्या भिंतींआड कोकणातल्या समाजवादी खासदाराला बोलण्याबद्दल डांबलं, त्याच भिंतींआड आज सांगतात, बोला, पण इथेच बोला, बाहेर आवाज जाता कामा नये. सर्जापूर रोड झाडणाऱ्या पौरकार्मिक बाईने दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलत तिथे जायचं आणि सिमेंटच्या अंगणाला आपलं गाऱ्हाणं सांगायचं! तरीही त्या जातात. 2022 च्या जुलैत संप करून त्यांनी सरकारला कायम नोकरीचं आश्वासन द्यायला लावलं, आणि 2025 च्या कामगार दिनी 12 हजारांहून अधिक जणींना आणि जणांना नेमणुकीची पत्रं मिळाली. हा रस्ता पहाटे ज्या झाडतात, त्यांनी लोकशाही आपल्यापेक्षा बरी वापरली.

शेवटची पळवाट तेवढी बंद करते. 'आपण इथे परप्रांतीय, आपण कशाला मध्ये पडा?' फ्लॅट घेताना आपण परप्रांतीय नव्हतो. टँकर मागवताना नव्हतो. मुंबईत पाट्या मराठीतच हव्यात म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि इथे 60 टक्के कन्नड पाट्यांचा कायदा आला की दादागिरी म्हणून नाक मुरडतो. दहा-दहा वर्षं राहून भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालणाऱ्याला या शहराच्या लढाईत जागा मिळणार कशी? इथल्या कामगारांच्या सभा कन्नडमध्ये होतात. महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं या शहराने नगरसेवकाचं तोंड पाहिलं नाही. आपला विजेचा खांब वाकला तर आपण ट्विट करतो, इंजिनिअर धावत येतो. ज्यांच्या ट्विटला कोणी विचारत नाही, त्यांना दाद मागायला दारच उरलं नाही. अशा वेळी शिकल्या-सवरल्या शेजाऱ्याने गप्प बसणं म्हणजे पाडणाऱ्याच्या जेसीबीत डिझेल घालणं.

म्हणून मी चार ठराव मांडते. एक: मंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या घरी कामाला येणाऱ्या व्यक्तीला आठवड्याची पगारी सुट्टी आणि किमान वेतनाच्या खाली न जाणारा पगार मिळेल, आणि सोसायटीच्या लिफ्टपासून बाकापर्यंत तिला आडकाठी होणार नाही, यासाठी आपापल्या कमिटीत आपण भांडू. दोन: मंडळाच्या वार्षिक निधीतला ठरावीक भाग घरं पाडली गेलेल्यांच्या कायदेशीर मदतीसाठी राखून ठेवू. तीन: कन्नडचे वर्ग याच महिन्यात सुरू करू, आणि शिकवणाऱ्याला मानधन देऊ. चार: पुढच्या मेळाव्याच्या उद्घाटनाला पौरकार्मिक संघटनेच्या प्रतिनिधीला बोलावू, आणि त्यांचं भाषण कन्नडमध्ये ऐकू.

अध्यक्षीय भाषणावर चर्चा होत नाही, असा संकेत आहे. तो मी मोडते. हे ठराव आत्ता मताला टाकते. ज्यांना मान्य नसतील त्यांनी हात वर करावा, उभं राहून कारण सांगावं. आपलं नाव आणि कारण इतिवृत्तात लिहिलं जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत 'आमचं सामाजिक कार्य' याच पानावर छापलं जाईल.

सचिवमहोदय, वही उघडा.